लतिकाकाकूंच्या जिन्यातली ट्रंक

मित्रांनो, बनारसच्या पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, जिन्याच्या पायथ्याशी साखळीने बांधलेली काळी पेटी दिसते ना, ती मी. मी एक जुनी लोखंडी ट्रंक आहे. बिजागऱ्या कुरकुरतात, फार बोलवत नाही. तरी सांगते.

माझा जन्म भुसावळचा. एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं आणि रेल्वेत नुकतेच नोकरीला लागलेले रत्नाकरराव मला घरी घेऊन आले. त्यांच्या बदल्यांबरोबर मी गावोगाव हिंडले. फलाटावर हमाल मला उचलताना म्हणायचे, "पेटी है तो ऐसी!" शेवटची बदली बनारसला झाली आणि आम्ही इथलेच झालो. पुढे चाकांच्या बॅगा आल्या, मी माळ्यावर गेले. रत्नाकरराव वारले तेव्हाही मला कुणी खाली काढलं नाही.

खाली काढलं ते एका चोरीमुळे.

रत्नाकररावांच्या पत्नी लतिकाकाकू दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांना ऐकू फार कमी येतं. मुलगी वीणा पुण्याहून औषधं, कपडे असं काहीबाही पाठवत असते. पार्सलवाला विष्णु खालून हाका मारून थकायचा. मग समोरच्या ओट्यावर फुलं विकणारी सीता पार्सल ठेवून घ्यायची आणि दुपारी वर नेऊन द्यायची. किती वर्षं हे असंच चाललं होतं.

एकदा वीणाने कानाचं यंत्र पाठवलं. गिऱ्हाईक आलं म्हणून सीतेने ते पार्सल क्षणभर जिन्यावर ठेवलं, आणि तेवढ्यात ते नाहीसं झालं. सीतेने वर जाऊन सांगितलं तशा काकू खाली आल्या आणि भर गल्लीत तिला म्हणाल्या, "तूने ही रखा होगा। और कौन लेगा?"

सीता ओट्यावर जाऊन बसली. त्या दिवसापासून तिने एकाही पार्सलला हात लावला नाही.

पहिल्या मजल्यावर ढुंढिराज राहतो. काकूंची भाजी वर आणून देणारा, गोड बोलणारा. मला माळ्यावरून त्यानेच उतरवलं. काकूंच्या कानाशी ओरडून म्हणाला, "काकू, हिला साखळी लावा. आजकाल कुणाचा भरोसा नाही!" इथल्या एका पत्रेवाल्याने माझ्या झाकणाला फट पाडली आणि आतल्या बाजूने उघडणारी झडप बसवली. पार्सल आत जाईल, बाहेर येणार नाही. किल्ली काकूंच्या कमरेला. या वयात अंगावर छिन्नी चालली, पण वाटलं, चला, पुन्हा कामाला आले.

वीणाने दुसरं यंत्र पाठवलं. विष्णुने सवयीने दोन हाका मारल्या, डबी माझ्यात टाकली आणि तो गेला. थोड्या वेळाने कुणीतरी माझ्यापाशी वाकलं. फटीतून एक हात आत आला, चाचपडला, डबीवर मूठ आवळली. बाहेर निघताना झडपेने मनगट धरलं. डबी सोडली असती तर हात सुटला असता. त्याने ती सोडली नाही.

समोरून सीता पाहत होती. ती उठली, जिना चढून वर गेली आणि काकूंचा हात धरून त्यांना खाली घेऊन आली.

ढुंढिराज घामाघूम झाला होता. "काकू, मी फक्त बघत होतो, नीट पडलंय का ते…"

काकूंना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी फटीत अडकलेला त्याचा हात पाहिला. मग म्हणाल्या, "आणि आधीचं यंत्र?"

तो मान खाली घालून पुटपुटला. काकूंनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. तेव्हा सीता त्यांच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "अम्मा, कह रहे हैं, बेच दिया।"

त्याने डबी सोडून हात ओढून घेतला, तशा काकू माझ्या झाकणावरच बसल्या. मग म्हणाल्या, "सीता, हमसे बड़ी गलती हुई। माफ कर दे।"

"माफ किया अम्मा। पर आपने जो बोला था, पूरी गली ने सुना था।" सीता ओट्यावर परत गेली आणि हार ओवू लागली.

ढुंढिराजने महिन्याभरात खोली सोडली. सीतेनेही जागा बदलली. आता ती घाटाच्या पायऱ्यांवर बसते. काकू यंत्र लावून विष्णुची पहिली हाक ऐकतात आणि पार्सल हातोहात घ्यायला खाली येतात. सकाळी घाटावर जाऊन फुलं सीतेकडूनच घेतात. सीता फुलं देते, तब्येत विचारते. पण जिना चढून वर येत नाही.

मित्रांनो, मी आता दमले आहे. दारातल्या वस्तूची काळजी घ्या. पेटी ठेवा, कुलूप लावा, कुणी नसेल तर शेजारी सांगून ठेवा. पण वस्तू हरवली म्हणून लगेच कुणाचं नाव घेऊ नका. यंत्र दुसरं आलं, माझ्यात सुखरूप राहिलं. सीतेचा गेलेला मान मात्र कुणी दुसरा पाठवू शकलं नाही.