अर्धा स्वर खाली

बेस गिटारवाल्याने तिसऱ्यांदा तारांवर हात आडवा ठेवला आणि सूर बंद केला.

"वहिनी, पट्टी नक्की ई ना? सगळं कानाला खुपतंय."

"ई म्हणजे ई," ती म्हणाली. "हा ब्लूज मी लग्नाआधीपासून ईमध्ये गाते. नवरा बदलेन एक वेळ, पट्टी बदलणार नाही."

रेकॉर्डिंगवाला हसला. तिचा नवरा कोपऱ्यात, गिटारची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. एरवी या विनोदावर तो सगळ्यांच्या आधी हसायचा. आज तो पेटीची कडी लावत-काढत राहिला.

गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमाचं हे रेकॉर्डिंग. तिचा आवाज, त्याची गिटार आणि मधूनमधून खुर्च्या सरकवणारे लोक, एवढंच. आता त्याची रेकॉर्ड निघायची होती, म्हणून बेस भरायला या माणसाला बोलावलं होतं. त्याने दोन-चार जागी बोटं लावून पाहिली आणि एका जागी सूर नेमका बसला.

"हे डीमध्ये आहे. पुरता एक स्वर खाली. दादा, गिटार उतरवली होतीत का?"

"हॉलमध्ये फार गारवा होता," नवरा म्हणाला. "तारा उतरल्या असतील."

गारव्यात तारा आखडतात, सूर उलट वर चढतो, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. बोटं सोलवटत असतानाही त्याने मध्यंतरी जाड तारा चढवल्या होत्या, ते तिला आठवलं. आवाज भरदार येतो, असं तेव्हा म्हणाला होता. सैल सोडलेल्या बारीक तारा खडखडतात, जाड तारा सांभाळून घेतात.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

या वेळी तिने स्वतःचा आवाज ऐकलाच नाही, गिटार ऐकली. आजवर हे कधी केलं नव्हतं.

"लयही हलतेय," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "शेवट फारच संथ आहे. प्रत्येक ओळ संपली की दादा रेंगाळतात. मशीनवर सरळ करून टाकू?"

ओळ संपली की तिचा श्वास ऐकू येत होता, आणि श्वास भरून होईपर्यंत गिटार थांबत होती.

"नको. राहू दे तसंच."

"बरं. नोंदीत लिहितो, लय संथ, पट्टी डी. मूड काय लिहू? उदास?"

"दमलेला," ती म्हणाली.

जिन्यात मात्र तिचा संयम सुटला.

"कधीपासून चाललंय हे?"

"एकदम नाही केलं. आधी अर्धा स्वर. मग बऱ्याच दिवसांनी अजून अर्धा."

"आणि मी जगाला सांगत फिरतेय, माझा आवाज आहे तस्साच आहे म्हणून."

"तूच म्हणायचीस ना, ईमधला वरचा सूर लागेनासा झाला की गाणं बंद." तो कठड्याला धरून उभा होता. "तू बंद केलंस तर मी कोणाबरोबर वाजवू?"

तिला राग आला होता. त्याहून जास्त लाज वाटत होती. ती भराभर खाली उतरली.

संध्याकाळी कार्यक्रम होता. रंगमंचामागच्या खोलीत तो खुंट्या पिळत बसला होता. ताणलेल्या जाड तारा कुरकुरत होत्या.

"काय करतोयस?"

"खऱ्या ईमध्ये लावतोय. आता लपवाछपवी नको."

तिने वरची ओळ हलक्या आवाजात धरून पाहिली. अर्ध्यावरच आवाज फाटला. त्याने नजर तारांवरून उचलली नाही. ती पाणी प्यायली, पेला पालथा घातला. बाहेर माइक तपासणं संपलं होतं आणि कोणीतरी त्यांची ओळख करून द्यायला लागलं होतं. 'तोच आवाज, आजही तसाच,' असं काहीतरी. हे वाक्य तिनेच लिहून दिलं होतं.

"उतरव," ती म्हणाली.

त्याने खुंट्या सैल केल्या, डीवर आणून थांबला.

"अजून अर्धा."

त्याने वर पाहिलं.

"डीमध्येही ओढूनताणूनच गाते रे मी. तू थांबतोस म्हणून पोचते."

त्याने खुंटी अजून थोडी फिरवली, हळूहळू, तिच्या तोंडाकडे बघत. तिने मान हलवली तेव्हा थांबला.

"कोणाच्या लक्षात आलं तर?"

तिने त्याच्या गळ्यात गिटारचा पट्टा अडकवून दिला.

"सांगू," ती म्हणाली, "फार गारवा होता."