रिमोटवालंच आण, मामा

निषाददादाने माझी खो-खोच्या संघातली जागा घालवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला त्याची दया यायला नको.

आम्ही कासारसाईला सगुणाबाईंच्या बंगल्यात खाली भाड्याने राहतो. आई-बाबा दोघंही हिंजवडीला नोकरीला, सकाळी लवकरची बस. समोरून दिवसभर मुरमाचे डंपर जातात, त्यामुळे रात्री पुसलेल्या फरशीवर सकाळी बोटाने नाव लिहिता येतं. आईचा नियम एकच: केर काढल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. नियम सगळ्या घराला, पण केर काढायच्या वेळी घर म्हणजे मी. दादा बारावीला. बारावीच्या मुलांना झाडू दिसत नाही, तसा काहीतरी डोळ्यांचा आजार असतो त्यांना.

शाळेच्या संघाची निवड होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या अक्षरशः पाया पडले.

"दादा, एकच दिवस. उद्या तू काढ ना केर."

"काढतो गं. तू जा बिनधास्त."

सकाळी हलवलं तर पांघरुणातून आवाज आला, "केर काढणं पोरींचं काम. मी काय पोरगी आहे?"

मी केर काढून धापा टाकत ग्राउंडवर पोचले, तेव्हा अकरा जणी निवडून झाल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "स्वरदा, पळतेस चांगली, पण उशिरा पळतेस. एक जागा ठेवलीय, पुढच्या महिन्यात भरणार. त्या दिवशी वेळेत ये, नाहीतर येऊच नकोस."

आणि दादा? संध्याकाळी फाटकाशी उभा राहून मित्रांना सांगत होता, "आमची चॅम्पियन झाडू मारता मारता आउट झाली!" सगळे खदाखदा हसले. शहनवाज तर सायकलवरून पडायचाच बाकी होता.

ते हसू मी जपून ठेवलं.

त्याच आठवड्यात अमेरिकेहून मनीषमामाचा फोन आला. कंपनीच्या कामासाठी गेला होता, परत निघाला होता. आईसाठी आपोआप केर काढणारं रोबो मशीन आणायचं त्याच्या मनात होतं. आई अंघोळीला गेली होती, म्हणून त्याने मलाच विचारलं.

"दोन बघितलीत. एक साधं. बटण दाबायचं आणि सोडून द्यायचं. डबा मोठा, कचरा जास्त ओढतं. दुसऱ्याला निळा दिवा आणि रिमोट, गाडीसारखं पळवता येतं. नुसती शायनिंग. मी म्हणतो साधं घेऊ."

"रिमोटवालंच आण, मामा."

"तुला रिमोट कशाला गं?"

"मला कुठे हवाय!"

मशीन आलं. परातीएवढं, गोल, काळं कुळकुळीत. मामाने चालू केलं आणि ते गुरगुरत दिवाणाखाली शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलं. दादाचे डोळे बघण्यासारखे होते. मी रिमोटकडे हळूच हात नेला. इतका हळू की त्याला दिसायलाच हवा.

"ए, हात लावू नकोस! मशीन आहे ते, पोरींना कळत नाही त्यातलं. बाबा, हे फक्त मी चालवणार."

"बरं, मशीन निषादचं," बाबा म्हणाले.

"रोज तूच चालवणार?" मी विचारलं. "मामासमोर सांग."

"रोज!"

"आई, म्हणजे केर दादाकडे ना?"

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग ती गालातल्या गालात हसली. "हो तर. मशीन ज्याचं, केर त्याचा."

दादाचं लक्षच नव्हतं. तो मशीन टेबलाभोवती पळवत होता.

चार दिवस तो राजा होता. मग त्याला कळलं की मशीन सोडायच्या आधी मोजे, वायरी, पेपर, सगळं खालून उचलावं लागतं. वर ब्रशमध्ये केस अडकले की कात्रीने कापून काढायचे. माझे केस कमरेपर्यंत आहेत. मी विंचरायला हॉलमध्ये बसायला लागले.

उरलेल्या जागेच्या निवडीच्या आदल्या संध्याकाळी त्याने मशीन एवढं पळवलं की ते दिवाणाखालीच बंद पडलं. चार्जिंगला लावायला तो विसरला. मी पाहिलं, आणि जेवायला बसले. त्या आठवड्यात आमच्याकडे लोडशेडिंग सकाळचं होतं. शहनवाजला मी आधीच सांगून ठेवलं होतं, "उद्या क्लासला जाताना या सगळे. दादा मशीन चालवून दाखवणारे."

सकाळी आईने डबा भरता भरता हाक मारली, "निषाद, केर!"

त्याने दिवाणाखालून मशीन ओढलं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "आई, चार्जिंग नाही. लाइटपण नाही."

"झाडूला लाइट लागते?"

"स्वरदाला सांग ना!"

"मशीन कुणाचं?"

दादा झाडू घेऊन वाकला, तोच फाटकाशी सायकलींच्या घंट्या वाजल्या.

"अरे निषाद," शहनवाज ओरडला, "याचा रिमोट कुठंय?"

जिन्यावरून सगुणाबाईंनी मान बाहेर काढली. "ह्ये मशीन लई ब्येस हाय की! पर त्या कोपऱ्यात न्हाई ग्येलं बगा."

दादाचे कान लाल झाले. तो माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "स्वरे, एकच दिवस. प्लीज."

मी बुटाची नाडी बांधत होते. सावकाश, दुहेरी गाठ.

"पोरींना कळत नाही रे त्यातलं," मी म्हटलं, आणि सुटले.

मॅडम यायच्या आधी मी ग्राउंडवर होते. बारावी जागा मला मिळाली.

आता रोज सराव असतो. ग्राउंडवरची माती बुटांत भरते. घरी आले की मी ते उंबऱ्याच्या आत झटकते. बाहेरही झटकता येतात.