ठकीच्या हसण्याचं गाणं

मी एक व्हिडिओ बोलतोय. लांबी दोन मिनिटं आठ सेकंद. मला शेवटपर्यंत पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून ही कैफियत.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शेजारी झाला. मला घडवलं ठकीच्या आईने. ठकी दीड वर्षाची असताना तिने स्पीकरच्या छोट्या रिमोटमधली बटणाएवढी बॅटरी गिळली. झाकण ढिलं झालेलं आईला दिसलं होतं. तिने चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, उद्या बघू. तो उद्या हॉस्पिटलात उजाडला. घसा आतून भाजला. ठकी वाचली, आवाज गेला. आजही ती पोट धरून हसते, ऐकू काही येत नाही.

फोनमध्ये मात्र तिचं जुनं हसणं होतं. दिराने संगणकावर त्याचे तुकडे केले, सुरात बसवले, ताल दिला. "आधी गाणं, मग बोलणं," आई म्हणाली. "सुरुवातीलाच घाबरवलं तर थांबेल कोण?" गाणं संपलं की ती बॅटरी हातात धरून सांगते, घरातले रिमोट तपासा. एका घराने तपासले तरी तिला पुरे होतं.

गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यावर नवरानवरी नाचली, मांजरं नाचली. एकीने लिहिलं, "शेवटी काकू भाषण ठोकतात, तेवढं सोडून झकास!" काकू एकोणतीस वर्षांच्या आहेत.

मग बोलणं आधी घेऊन माझं एक भावंड काढलं. ते फक्त नातेवाइकांनी पाहिलं.

"वहिनी, बोलणं काढूनच टाकूया. गाणं तरी चालेल."

"भावजी, गाणं चालावं म्हणून केलं होतं का आपण?"

दिराने बोलणं राहू दिलं.

परवा कुणा आईने कळवलं, "आमचं बाळ याच्याशिवाय जेवतच नाही. रिमोट घेऊन स्वतःच परत परत लावतं!" ठकीच्या आईने तीनदा लिहिलं, झाकण बघा हो, आधी झाकण बघा. उत्तरात एक लाल बदाम आला.

त्या घरात मी आताही वाजत असेन. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. उठा, घरातला रिमोट बघून या. मग मला बंद केलंत तरी चालेल.

हल्ली आईसुद्धा मला पूर्ण पाहत नाही. स्वतःचा चेहरा यायच्या आत थांबवते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते. ठकी मांडीवर बसून ताल धरते. मग पडद्याकडे बोट करून हातानेच विचारते, हे कोण हसतंय?

"आहे एक बाळ," आई म्हणते.