उघड्या हाताने दिलेला निवडुंग

बोलतोय तो मीच, खिडकीतल्या मातीच्या कुंडीतला, वाकड्या डोक्याचा निवडुंग. जरा लांबूनच ऐका. मी आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही, पण कुणी अंगाशी आलं तर सोडतही नाही. आणि माणसांबद्दल माझं मत काही फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून तोंडं वाकडी करायची नाहीत.

माझा जन्म सिस्टरच्या खिडकीतला. सिस्टर म्हणजे रुग्णालयात उभं आयुष्य काढलेली नर्स. नोकरी संपली तरी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणतात. माझी आई, म्हणजे मोठं झाड, सिस्टरच्या थोरल्या बहिणीनं लावलेलं. दोघी बहिणींचे आईबाप लवकर गेले, तेव्हा या ताईने लोकांचे कपडे शिवून धाकटीला शिकवलं. दोघींच्या त्या एका खोलीत शोभेची म्हणून जी काय वस्तू होती ती ही कुंडी. पुढे ताई गेली आणि कुंडी राहिली.

सिस्टर रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी यायची आणि माझ्या आईला विचारायची, "काय ताई, झोप झाली का?" झाडाला ताई म्हणणारी बाई! मला तेव्हा वाटायचं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. आई मात्र गप्प बसून ऐकायची. तिला बहुतेक ते आवडत असावं.

आता मंडळाबद्दल सांगतो. या गावात निवडुंगवाल्यांचं एक मंडळ आहे. घरात नळ गळतोय तो महिनोन् महिने गळू देतील, पण कुंडीतला खडा हलला तर यांची झोप उडते. एकमेकांच्या घरी गेले की माणसांची चौकशी नंतर, आधी गच्चीवर. "वा, काय तब्येत आहे!" म्हणतात ते निवडुंगाला. शेजारी खोकत बसलेल्या म्हाताऱ्याकडे कुणी बघतही नाही.

पण या मंडळाची एक रीत होती, आणि ती बरी होती हे मलासुद्धा कबूल करावं लागतं. विकलेलं झाड कागदात गुंडाळून द्यायचं. भेट द्यायचं असेल तर मात्र कागद नाही, चिमटा नाही, हातमोजे नाहीत. घेणाऱ्याने स्वतःच्या उघड्या बोटांनी झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू काढून घ्यायचं. काटा लागला की झालं, तीच किंमत. अशी मिळालेली भेट विकायची नाही. नको झाली तर आधी देणाऱ्याला विचारायचं. आणि देणाऱ्याचं झाड कधी मेलंच, तर घेणाऱ्याने मागायची वाट न बघता एक पिल्लू परत नेऊन द्यायचं. म्हणून तर जुनी माणसं म्हणायची, झाड जपायचं असेल तर वाटून टाक.

माझ्या आईला पिल्लं व्हायचीच नाहीत. सगळ्यांनी आशा सोडली होती, तेव्हा मी झालो. सिस्टरला कोण आनंद! ती मंडळात सांगून बसली, आणि दुसऱ्याच दिवशी दारात टाइल्सवाला हजर.

टाइल्सवाला म्हणजे बाजारात फरशांचं दुकान असलेला, तोंडात साखर घोळवणारा माणूस. "सिस्टर, तुम्ही म्हणजे आम्हाला आईच्या जागी. हे पिल्लू मला द्या, जिवापलीकडे जपेन." सिस्टर विरघळली. आयुष्यभर लोकांच्या जखमा बांधल्या तिने, पण गोड बोलण्यावरचं औषध काही तिला सापडलं नाही.

"घे हो," ती म्हणाली. "पण हातमोजे काढ."

"अहो, मला ॲलर्जी आहे काट्यांची."

काट्यांची ॲलर्जी! निवडुंग जमवणारा माणूस हा! मासे धरणाऱ्याने म्हणावं, मला पाण्याची भीती वाटते. सिस्टर हसली आणि तिने मलाच काढून त्याच्या हातमोज्यातल्या तळव्यावर ठेवलं. काटा लागला तो तिला. तिथंच मी ओळखलं, हे लक्षण काही ठीक नाही.

त्याच्या गच्चीवर ओळीने कुंड्या मांडलेल्या होत्या. पहिल्याच दिवशी शेजारच्या लांबट निवडुंगाने मला विचारलं, "भेट की विकत?" मी ऐटीत म्हटलं, भेट. तो म्हणाला, "आम्ही पण सगळे भेटच." त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही.

मी वाढलो. गोल, टुमदार झालो, खोटं कशाला बोलू. मला एक फूल आलं तर टाइल्सवाल्याने त्याचे एवढे फोटो काढले की माझ्या कळ्यांनाच लाज वाटली. ते फोटो त्याने लांबलांबच्या गावांतल्या शौकिनांना पाठवले. मग मागणी यायला लागली. पण पिल्लं कुठे होती? मी आईवर गेलेलो, मला ती होईनात.

तेव्हा त्याने सुई तापवली. लाल झालेली सुई त्याने माझ्या शेंड्यात खुपसली आणि गोल फिरवली. शेंडा जळला की निवडुंग घाबरून बुडाशी पिल्लं धरतो, हे त्यांचं शास्त्र. माझं डोकं वाकडं झालं ते तेव्हापासून. पिल्लं मात्र झाली, चांगली घोसाने झाली. ती वाटाण्याएवढी होतायत न होतायत तोच याने चिमट्याने खुडली, डब्यांत भरली आणि पाठवून दिली. मंडळातल्या कुणालाही दिली नाहीत, कारण मंडळातल्यांना ती ओळखू आली असती.

त्याची बायको बरी होती. फार बोलायची नाही, पण बोलली की नेमकं बोट ठेवायची. कपडे वाळत घालताना एकदा म्हणाली, "अहो, सिस्टरनी भेट दिलेला ना हा?"

"मग? तो मी विकलाय का? तो आहे की जागेवर. पिल्लं माझ्याकडे झाली. माती माझी, खत माझं, पाणी माझं."

"सुई पण तुमचीच," ती म्हणाली, आणि चिमटे लावत पुढे गेली.

हा तर्क त्याने मंडळातही चालवून पाहिला, बरं का. स्वतःचं नाव न घेता. "समजा, एखाद्याला भेट मिळाली आणि तिला पिल्लं झाली, तर ती भेट धरायची का?" पेंटरकाका म्हणून एक जुने सभासद आहेत, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते म्हणाले, "नात आजीची असते की नाही?" त्यावर एक वकील म्हणाले, तो विषय वेगळा. मग नात या विषयावरच सगळे तासभर भांडले, चहा प्यायले आणि काहीही न ठरवता घरी गेले. माणसांना कुठल्याही गोष्टीचा निकाल लावायचा नसला की ती सभा घेतात.

इकडे सिस्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती रुग्णालयात पडून होती तोवर खिडकीतल्या आईला सांभाळायचं काम शेजारणीकडे होतं. शेजारीण मायाळू. देव अशा मायाळू माणसांपासून निवडुंगांना वाचवो! "बिचारं सुकलंय, तहानलं असेल," म्हणत तिने रोज तांब्याभर पाणी ओतलं. सिस्टर काठी टेकत घरी आली तेव्हा माझी आई बुडापासून कुजून मऊ पडली होती. शेजारीण वर म्हणते कशी, "मी तर एक दिवस चुकवला नाही हो!"

आई गेल्याचं मला कळलं ते फोनवरून, बाकीचं मागाहून. टाइल्सवाला गच्चीवर माझ्याच शेजारी खुर्ची टाकून बसला होता. सिस्टरचा आवाज मला लगेच ओळखू आला, पण तो नेहमीचा नव्हता.

"अरे, ताईचं झाड गेलं रे. तुझ्याकडे एखादं पिल्लू असेल तर ठेव माझ्यासाठी. मला घरात सुचत नाहीये काही."

या वेळी त्याने काय करायला हवं होतं? मला उचलून, धावत जाऊन, खिडकीत नेऊन ठेवायला हवं होतं. मागायची वेळच येऊ द्यायची नव्हती. तो म्हणाला, "अरेरे! पिल्लं तर सगळी गेली हो, सिस्टर. आता मोठाच काय तो उरलाय, आणि त्यालाही गिऱ्हाईक आहे. पण तुम्ही म्हणजे घरच्या. विक्रीच्या दिवशी या, तोवर मी थांबवून ठेवतो. तुमच्यासाठी कमी करून देईन."

 मग ती म्हणाली, "बरं. येते." माझ्या अंगावर एवढे काटे, पण त्या दिवशी त्यांतला एकही कामाचा नव्हता. मी नुसता चरफडत राहिलो.

मंडळाची वर्षाची विक्री एका सभागृहात भरते. लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, प्रत्येकाच्या टेबलामागे प्रत्येकाचं हसू. माझ्या कुंडीवर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली. जळका शेंडा लपवायला त्याने माझं तोंड भिंतीकडे केलं होतं. सिस्टर काठी टेकत आली. तिने आधी कुंडी फिरवली आणि माझं डोकं पाहिलं. जखम तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"सुई?" तिने विचारलं.

"तसं करावं लागतं हो कधी कधी. झाडाच्या भल्यासाठीच."

तिने चिठ्ठी वाचली, पर्स उघडली आणि सगळे पैसे टेबलावर ठेवले. घासाघीस नाही. हा म्हणतो, "अहो, कमी करतो म्हटलं होतं ना मी!" आणि म्हणता म्हणता पैसे खिशात. मग हातमोजे घालून त्याने मला कुंडीतून काढलं, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलं आणि दोरा बांधून तिच्या पुढे ठेवलं.

सिस्टरने काठी टेबलाला टेकवली. दोरा सोडला. कागद उलगडला, घडी घालून त्याला परत दिला. आणि दोन्ही हातांची उघडी बोटं माझ्याभोवती घालून मला उचललं.

"भेट कागदात न्यायची नसते," ती म्हणाली.

तेवढंच, आणि तेही हळू. पण शेजारच्या टेबलाने ऐकलं, त्याच्या शेजारच्याने ऐकलं, आणि बघता बघता सगळ्या सभागृहाच्या माना आमच्याकडे वळल्या. तिच्या बोटांतून रक्त आलं होतं. मी काय करू? मी जिवाचा आटापिटा केला, पण काटे आत घेता येत नाहीत मला. कुणाच्याही बाबतीत मला कधी त्याचं वाईट वाटलं नव्हतं, त्या दिवशी वाटलं.

पेंटरकाका पुढे आले आणि टाइल्सवाल्याच्या टेबलावर बोट फिरवू लागले. "हा लांबट मी दिलेला. तो केसाळ वकिलांनी दिलेला. अरे, तुझ्या टेबलावर विकत आणलेलं काही आहे का रे? का नुसती चादर?" टाइल्सवाला घाम पुसायला लागला. तुम्हाला वाटेल, बाकीच्यांनी त्याला चांगला फैलावर घेतला असेल. छे! निम्म्यांनी आपापल्या टेबलावरची एखाददुसरी कुंडी हळूच मागे सरकवली. वकीलसाहेबांनी तर एक कुंडी टेबलाखालीच घातली. सगळे एकाच माळेचे मणी. दुसऱ्याचं उघडं पडलं की यांना आधी आपलं झाकायची घाई.

आता मी पुन्हा खिडकीत आहे. आईच्याच कुंडीत, नव्या मातीत. पहिल्या सकाळी सिस्टर चहा घेऊन आली, बोटांना पट्ट्या लावलेल्या, आणि म्हणाली, "काय ताई, झोप झाली का?" अहो, मी पुरुषासारखा पुरुष! पण गप्प बसून ऐकलं. आवडलं म्हणा हवं तर.

सुईची भीती गेली नव्हती अंगातून, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात मला आणखी पिल्लं झाली. सिस्टरने ती ज्याला त्याला देऊन टाकली. एक मात्र ठेवलं आणि टाइल्सवाल्याला निरोप धाडला. मी तिला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. ज्याने घरचं झाड घरच्यांना विकलं, त्याला हिने घरी बोलवायचं! पण ती म्हणाली, "माझं पुन्हा मेलं तर? चार घरी असलेलं बरं." आणि जरा थांबून म्हणाली, "रीत त्याने मोडली. मी कशाला मोडू?"

तो आला. बायकोला घेऊन आला. एका खिशात हातमोजे, दुसऱ्या खिशात वर्तमानपत्र. काय म्हणावं याला!

"मोजे राहू देत," सिस्टर म्हणाली.

त्याने एक बोट पुढे केलं, मला लागलं न लागलं तोच "आई गं!" म्हणून मागे घेतलं. "पुढच्या खेपेला नेतो, सिस्टर. आज हात जरा..."

बायकोने त्याला बाजूला सारलं. पदराला हात पुसले, दोन बोटं माझ्या बुडाशी घातली आणि पिल्लू अलगद सोडवून घेतलं. तिला टोचलं. तिने तोंडातून ब्र काढला नाही. नवरा सवयीने वर्तमानपत्र पुढे करत होता. "ठेवा ते खिशात," ती म्हणाली आणि सिस्टरकडे वळली. "फिटलं का हो आमचं?"

"फिटत नाही गं. पुढे कुणाला तरी द्यायचं असतं."

दोघं जिना उतरून गेली. ती पुढे, तळहातावर पिल्लू घेऊन, आणि हा मागे, घामेजलेल्या खिशात रिकामा कागद घेऊन. गच्ची तीच, सुईही अजून तिथंच असेल. पण निघताना पिल्लाच्या कानात मी सांगून ठेवलंय: ती पाणी घालायला आली तर काटे जरा जपून वापर. त्याने हात लावला, तर घराण्याचं नाव राख.