फ्रेमला माया किती

व्याह्यांना ‘नाही’ म्हणायचा शब्द आपल्या भाषेत अजून तयार व्हायचा आहे. ‘बघू’, ‘कशाला उगीच त्रास’, ‘पुढच्या खेपेला नक्की’ अशी थोडी ठिगळं आहेत, पण ती समोरचा ऐकून घेणारा असेल तर चालतात. आमचे व्याही, म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, कवळ्या बनवतात. तोंडात दात नसलेल्या माणसांशी दिवसभर बोलायची त्यांना सवय, त्यामुळे समोरून काही उलट उत्तर येईल हे त्यांच्या गावीही नसतं.

तर त्यांचा फोन आला. “व्याही, रविवारी इकडे या. तुमच्या सायकलला जाड टायर बसवतोय.”

‘तुमच्या’ म्हणाले ते बोलण्याच्या ओघात, असं मी धरून चाललो. सायकल आता जावयाची होती. मीच त्याला दिली होती.

ही सायकल साधीसुधी नाही. मी ऐन तारुण्यात होतो तेव्हा एका फ्रेम बनवणाऱ्याने माझ्या अंगाचं माप घेऊन ती जोडली. बारीक पोलादी नळ्या, दौतीतल्या शाईसारखा निळा रंग आणि अंगठ्याएवढे अरुंद टायर. माप घेताना तो टेप ढिली धरत होता. मी शिंपी माणूस, मला ते बघवेना, म्हणून टेप कशी धरायची ते मीच त्याला दाखवलं. बदल्यात त्याला एक कोट शिवून दिला. त्याचा कोट त्याला आणि माझी सायकल मला, दोन्ही अंगासरसं बसलं. पुढे माझं दुकान, संसार, लेकीचं लग्न, सगळं त्याच सायकलवरून झालं.

मग हात बधिर व्हायला लागले. जरा वेळ चालवली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपी जायचं, आणि दुकानात येऊन कापड धरलं की धरलंय की नाही ते डोळ्यांनी बघावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, हादरे टाळा. शिंप्याचं पोट बोटांवर, तेव्हा टाळले. घरात मात्र मी वेगळंच सांगितलं. म्हणालो, आता वय झालं, जावयाला हौस आहे, त्याला देऊन टाकतो. माझ्या मोठ्या मनाचं केवढं कौतुक झालं. आमची ही तर शेजारीपाजारी सांगून आली.

खरं एवढंच होतं की मला ती चालवायची होती, चालवता येत नव्हती, आणि येता-जाता दारात उभी दिसली की मला सोसत नव्हतं. मोठं मन हे वरून लावलेलं अस्तर. जावई न्यायला आला तेव्हा ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून मी सीटवरून हात फिरवला आणि आत जाऊन उगीच कपाट आवरत बसलो.

आता तिला जाड टायर. व्याह्यांच्या गल्लीत दगडी चिऱ्यांचा रस्ता आहे. तिथे जावयाची ट्यूब दोनदा फुटली आणि एकदा हादऱ्याने नाकावरचा चष्मा उडून गटाराच्या जाळीवर पडला. तेव्हा व्याह्यांनी हे काम मनावर घेतलं. त्यांनी एखादं काम मनावर घेतलं की घरातली माणसं जराशी लांब जाऊन बसतात, हे मला लेकीने सांगितलेलं होतं. फ्रेमची काळजी वाटून मी रविवारी वेळेच्या आधीच पोचलो.

त्यांच्या कामाच्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. आत पाऊल टाकलं की पन्नासभर तोंडं आपल्याकडे बघून हसतात. मधल्या टेबलावर माझी सायकल उलटी टाकलेली. सीट खाली करून पार माझ्या जुन्या खुणेवर आणलेली दिसली. उलटी करताना आड आली असेल, म्हणून मी काही बोललो नाही. जुन्या मापाच्या रिंगवर चढणारे जाड टायर व्याह्यांनी कुठून तरी पैदा केले होते आणि चढवलेही होते. पुढचं चाक कसंबसं फिरत होतं. मागचं हलायलाच तयार नव्हतं.

“अडतंय कुठे ते आत्ता कळेल,” व्याही म्हणाले.

त्यांनी खणातून लाल कागदाची पट्टी काढली. कवळी बसवली की ते हा कागद दातांखाली धरतात आणि चावायला सांगतात. जिथे जास्त टेकतं तिथे लाल डाग पडतो. तीच पट्टी त्यांनी टायर आणि फ्रेमच्या मध्ये सरकवली आणि चाक जोर लावून फिरवलं. डाग दोन ठिकाणी पडले. एक पायडलजवळ, जिथे मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन नळ्या एकमेकींच्या जवळ येतात तिथे आतून. दुसरा वर, ब्रेक जिथे बसतो त्या आडव्या नळीच्या पोटाला.

“झालं. एवढंच घासायचं,” ते म्हणाले, आणि कवळी घासायचं ते बारीक यंत्र हातात घेऊन सुरू केलं. त्याचा आवाज ऐकून माझ्या स्वतःच्या दाढा दुखल्या.

“घासायचं म्हणजे नळी?”

“अहो, केसभर. कवळी टोचली की आम्ही घासतो, टोचायची थांबते. यात अवघड काय?”

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. इथे जावयाचा बाप यंत्र घेऊन उभा होता. नळ्या आतून पोकळ, पत्रा नखाइतका पातळ, आणि हे त्यात खड्डा पाडणार. पण सायकल त्यांच्या मुलाची, घर त्यांचं, यंत्र त्यांचं. मी कोण? मुलीचा बाप. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“आधी चहा घेऊ या का?” मी म्हणालो. एवढाच विरोध मला जमला.

चहा घेऊन विहीणबाई आल्या. त्यांनी यंत्राकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. “यांनी माझ्या कपाटाचं दारसुद्धा असंच केसभर घासलं होतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून ते दोरीने बांधावं लागतं.” कप ठेवून त्या निघून गेल्या. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि तेवढ्या बळावर तोंड उघडलं.

“व्याही, घासू नका. आधी माया आहे का बघू.”

व्याह्यांनी यंत्र बंद केलं. चेहरा एकदम मऊ झाला. “माया आहे म्हणून तर करतोय हो. नाहीतर कोण कुणाची सायकल टेबलावर घेतं?”

“ती नव्हे. शिवणीतली.”

मग त्यांना सांगावं लागलं. आम्ही कापड कापतो ते मापाबरहुकूम कधीच कापत नाही. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. माणसाचं अंग पुढे सुटतं, पोर उंच होतं, तेव्हा शिवण उसवून ती माया सोडायची. एकदा कापलं की कापलं. म्हणून चांगला कारागीर आधी माया शोधतो आणि कात्री शेवटी उचलतो. ज्याने ही फ्रेम जोडली तो चांगला कारागीर होता. त्याने कुठेतरी माया ठेवली असणार.

व्याह्यांनी यंत्र खाली ठेवलं. “आमच्यात असं काही नसतं,” ते जरा खट्टू होऊन म्हणाले. “हिरड्या कमीच होत जातात.”

पण शोधायला लागले ते माझ्यापेक्षा उत्साहाने. सापडली तीही त्यांनाच. मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती खाच आडवी, चांगली बोटभर लांब होती आणि आस तिच्या पुढच्या टोकाला घट्ट केलेला होता. इतकी वर्षं तो तिथेच होता. मागे सरकतो हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. नट ढिले करून आम्ही चाक मागे ओढलं. मागे गेलं तसं ते चिमट्याच्या रुंद भागात आलं. साखळी थोडी ताणली, पण तिचं काही म्हणणं नव्हतं. डाग पुसून कागद पुन्हा घातला. बाजूला आता डाग पडत नव्हता.

वरचा मात्र तसाच. आडव्या नळीला खाच नाही, माया नाही, काही नाही. व्याह्यांचा हात पुन्हा यंत्राकडे जाताना मला दिसला.

माझ्याकडे एकदा एक गिऱ्हाईक आलं होतं. पोट सुटलेलं, कोट आवडता, आणि कोटात सोडायला माया उरलेली नाही. मी आतलं जाड अस्तर काढून पातळ लावलं. कोट बाहेरून तोच, आत माणसाला जागा झाली. हे मी व्याह्यांना सांगितलं आणि विचारलं, “बाहेर टायर जाड करायचाय, तर आतली रिंग लहान नाही का मिळत?”

“रिंगा सगळ्या एकच,” ते ठामपणे म्हणाले. “हा तुमचा जावईशोध.”

“जावई तुमच्याच घरातला आहे,” मी म्हणालो. व्याह्यांना मी दिलेलं हे पहिलं उलट उत्तर. ते मोठ्याने हसले, तेव्हा जरा मोकळं वाटलं.

जिन्याखाली लेकीची नवी सायकल होती. तिचं चाक काढून आणलं आणि टायर उतरवून दोन रिंगा शेजारी शेजारी धरल्या. नुसत्या डोळ्यांना जुळ्या बहिणी. मी खिशातून टेप काढली. टेप नसलेला शिंपी मी अजून पाहिलेला नाही. दोघींची कंबर मोजली. नवीची कंबर बरोबर एक इंच कमी भरली.

“कमरेला इंच,” मी म्हणालो.

“म्हणजे उंचीला चिमूटभर,” व्याही म्हणाले आणि वरच्या डागाकडे बघायला लागले. तिथे चिमूटभरच हवं होतं.

पुढचं काम चाकवाल्याने केलं. चाकाच्या मधल्या जुन्या हबवर आऱ्यांनी नव्या मापाच्या रिंगा ओवून दिल्या आणि त्याच मापाचे दोन बोटं रुंद टायर दिले. पुढच्या रविवारी मी पुन्हा हजर. चाक लहान झालं तर ब्रेकचे रबर रिंगला न लागता टायरला लागणार, ही धास्ती मला आठवडाभर होती. पण ब्रेकच्या दांड्यांनाही उभी खाच होती. रबर खाली सरकवले, रिंगवर बसले. तिथेही त्या माणसाने माया ठेवलेली होती. त्याला शिवून दिलेल्या कोटात मी पुरेशी ठेवली होती की नाही, हे काही मला आठवेना.

व्याह्यांनी लाल कागद घातला, चाक फिरवलं, कागद काढून मला दाखवला. कोरा.

सायकल खाली उतरवून आम्ही दारात आणली. समोर तो दगडी रस्ता. व्याह्यांनी हँडल माझ्या हातात दिलं.

“बसा.”

“जावईबापूंना येऊ द्या की. त्यांची सायकल.”

“सीट तुमच्या खुणेवर आहे.”

“ती तुम्ही उलटी करताना खाली केलीत.”

“उलटी करायला सीट कशाला खाली करावी लागते?” व्याही म्हणाले. मग रस्त्याकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, “व्याही, माझ्याकडे लोक येतात, बायकोने ओढून आणलेले. कवळी टोचते असं एकही जण सांगत नाही. नुसतं खायचं सोडतात आणि घरी म्हणतात, आताशा भूक नसते. तुम्ही म्हणालात, वय झालं. आमच्याकडे जेवायला आलात तेव्हा तुम्ही भांडं दोन्ही हातांनी धरत होता. मला दिसत होतं.”

मला राग आला, लाजही वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली इतकं बरं वाटलं की मी घाईघाईने हँडलची घंटी तपासायला लागलो.

तेवढ्यात जावई बाहेर आला. मी सायकल पुढे केली तर तो एक पाऊल मागे सरला. “बाबा, खरं सांगू का? माझे गुडघे हँडलला लागतात. सीट वर केली तर पाठ धरते. तुम्ही एवढ्या प्रेमाने दिलीत म्हणून बोललो नाही.”

आपलेच दात, आपलेच ओठ. सगळ्यांनाच टोचत होतं आणि सगळेच गप्प होते.

मी बसलो. पहिल्या चिऱ्यावर सवयीने खांदे आवळले, धक्क्याची वाट बघितली. धक्का आला, पण टायरने तो वाटेतच गिळला. हातापर्यंत आला तो त्याचा नुसता निरोप. कोपऱ्यावरचा न्हावी दारात उभा होता, त्याच्याकडे बघून मी उगीचच घंटी वाजवली. वळणापर्यंत गेलो, वळणाच्या पुढेही गेलो, दगडी रस्ता संपेपर्यंत गेलो आणि तिथून परत आलो. येताना हँडलवर करंगळी उचलून बघितली. उचलली, टेकवली, हँडलचा गारवा तिला लागला. जागी होती.

व्याही दारातच उभे होते. कवळी बसवल्यावर प्रत्येकाला विचारतात तेच त्यांनी मला विचारलं. “टोचतंय का कुठे?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांच्याशी बोलताना आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द मी सरळ उच्चारला होता. जावयाला दिलेली वस्तू परत नेणारा सासरा मीच पहिला असेन. पण मी खाली उतरलो नाही. तसाच वळलो आणि घरी निघालो.