हर्बीचा राजा

जुनी चांदी सरळ करायला जाऊ नये, हे इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या प्रत्येक नाणेवेड्याला क्लेमंट गॅरडनंच शिकवलं होतं. नांगराच्या फाळानं दुमडलेलं नाणं घेऊन कुणी नवखा नाणेप्रेमींच्या मंडळात आला आणि ‘जरा दाबून बघू का?’ म्हणाला, की म्हाताऱ्याचा पारा चढायचा. हजार-बाराशे वर्षं मातीत पडलेली चांदी आतून बिस्किटासारखी ठिसूळ होते. वरून धडधाकट दिसते, पण वाकवायला गेलं की मोडते. “प्रयोगशाळेत पाठव आणि सहा महिने गप्प बस,” हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आता त्याच क्लेमंटच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हर्बी थर्कटलचं दुमडलेलं नाणं पडलं होतं, आणि हर्बीजवळ सहा महिने नव्हते. महिनाही नाही, असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, डोरीनला, बाजूला घेऊन सांगितलं होतं.

हर्बी बिटाचे ट्रक चालवायचा, आणि सुगी संपली की धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतं पालथी घालायचा. क्लेमंट शाळामास्तर, सडाफटिंग, चिखलाचा तिटकारा असलेला. तो नाणी विकत घ्यायचा. एकानं गुडघे झिजवले, दुसऱ्यानं पगार उडवला, पण वेड एकच. बेओन्ना हा त्यांच्याच मुलुखाचा जुना राजा. त्याचं थडगं नाही, तसबीर नाही. उरली ती हातोड्यानं ठोकून पाडलेली नखाएवढी नाणी आणि त्यांवर काठ्याकाठ्यांच्या लिपीत त्याचं नाव. क्लेमंटनं असं एक नाणं मोटार विकून लंडनच्या लिलावात घेतलं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं तो सायकलवर हिंडला. हर्बी त्याला त्यावरून चिडवायचं सोडत नसे. “तू राजा बाजारातून आणलास, लेका. मी माझा जमिनीतून काढीन.”

आणि काढलाही असावा. गेल्या सप्टेंबरात बार्लीच्या कापलेल्या शेतात, धाप लागून बसला होता तिथंच यंत्र वाजलं. नाणं अर्ध्यात दुमडलेलं. बाहेरच्या अंगाला फुली आणि नाणं पाडणाऱ्या कारागिराच्या नावातली दोन अक्षरं, बेओन्नाच्या नाण्यांवर असतात तशी, दिसत होती. राजाचं नाव आत मिटलेलं.

“उघड ना ते,” हर्बी खाटेवरून म्हणाला होता.

“मोडेल, हर्बी.”

“मी पण मोडतोयच की. नाव बघतो आणि जातो. एवढंच मागं राहिलंय माझं.”

नाही म्हणायला क्लेमंटची जीभ रेटली नाही. आपला हात स्थिर आहे, आपण इतरांसारखे धसमुसळे नाही, असंही त्याला मनातून वाटलंच असणार. शिकवणाऱ्याला आपला धडा स्वतःला लागू नाही असं नेहमीच वाटतं. त्यानं नाणं मऊ कातड्यात धरलं, दिव्यावर ऊब दिली आणि लाकडी चिमट्यानं केसभर, मग आणखी केसभर घडी सोडवली. आतली एक रेघ दिसली. तेवढ्यात बारीकसा आवाज झाला आणि घडीपाशी नाणं तुटलं. भिंगाखाली धरलं तर जिथं नाव असायला हवं तिथं करड्या चांदीचा चुरा होता. बेओन्ना होता की दुसरा कुणी, हे आता या जगात कुणालाच कळणार नव्हतं. क्लेमंट तो चुरा बोटानं गोळा करत राहिला आणि स्वतःला शिव्या घालत राहिला.

मग उठून त्यानं कपाटातला खण ओढला आणि स्वतःचा बेओन्ना बाहेर काढला.

हर्बीची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी होती. क्लेमंटनं नाणं त्याच्या तळव्यावर ठेवलं. “घे. तोच आहे.”

“खरं सांगतोस?” डोरीन भिंग घेऊन वाकली. क्लेमंटनं तिला एकेक अक्षर दाखवलं. तिचे डोळे भरून आले. “अगं बाई! थांब, कॅरलला सांगते. तिला वाटतं बाप उगाच चिखल तुडवायचा.” ती लेकीला फोन करायला आत पळाली.

हर्बी अंगठ्यानं नाण्याची कड चाचपत होता. गेल्या काही दिवसांत डोळ्यांनी दगा दिला होता, पण बोटं शाबूत होती.

“क्लेम, माझं मोडलं ना?”

क्लेमंटनं मान डोलावली.

“ही कडेची चीर तुझ्या नाण्याची. चिरेपायी लिलावात स्वस्तात पडलं, म्हणून किती मिरवलास!” हर्बी खोकला. “माझ्यात होता का रे तो?”

“कळलं नाही. भुगा झाला. हर्बी, मला माफ—”

“गप. मीच म्हणालो उघड.” त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. आतून डोरीनचा हसण्या-रडण्याचा आवाज येत होता. “आणि मी गेल्यावर डोरीनकडून हे परत कसं मागणार होतास?”

“मागणारच नव्हतो.”

“तू? वाटीभर साखर उसनी दिलीस तर दुसऱ्या दिवशी वाटी न्यायला दारात उभा राहतोस तू!”

“नव्हतो मागणार,” क्लेमंट पुन्हा म्हणाला.

हर्बीनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं मूठ मिटली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. “मग राहू दे,” तो म्हणाला.

आठवड्याच्या आतच तो गेला. दफनाच्या सकाळी डोरीननं क्लेमंटला जिन्यापाशी गाठलं. “कॅरल म्हणते नाणं संग्रहालयात द्यावं. मला वाटतं त्याच्या खिशात ठेवावं. तुला पटणार नाही, ठाऊक आहे मला.”

पूर्वजांनी एवढी चांदी मातीत घातली म्हणून जन्मभर हळहळलेला माणूस तो. “त्याच्याबरोबरच जाऊ दे,” क्लेमंट म्हणाला. “त्याचंच आहे ते.”

आणि त्याचा बांध फुटला. जिन्याच्या पायरीवर बसून तो हमसून हमसून रडला. डोरीन शेजारी टेकली आणि त्याचे हात आपल्या हातांत घेऊन थोपटू लागली.

“रडू नकोस रे. हे हात होते म्हणून त्याला त्याचा राजा दिसला,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाकडे दिलं असतं, तर मोडलंच असतं ते.”