तीन ठोके

पामतेलाच्या मळ्यात त्याला सगळे ठोक्या म्हणायचे. झाडाखाली उभा राहायचा, बुंध्यावर ठकठक व्हायची आणि मग वर कोयता लावायचा. त्याच्या ओळीत कच्चा घड कधी पडलाच नाही. पामचा घड बरोबर पिकला की नाही, हे चाळीस फुटांवरून ओळखणं म्हणजे खायचं काम नाही. कच्च्या घडापायी चांगल्या चांगल्यांच्या कोयत्याच्या लांब दांड्यावर मुकादमाने लाल खुणा केल्या होत्या, आणि तिसरी खूण म्हणजे कामावरून छुट्टी. ठोक्याचा दांडा मात्र कोरा. दुसऱ्या ओळीतून नुसती ठकठक ऐकून, याला आवाजावरून फळ कळतं, असं लोक म्हणायला लागले.

खरी गोष्ट एवढीच होती की ठोक्याला दिसत नव्हतं, आणि ठोके तो मारतच नव्हता. ते त्याची बायको मारायची.

उजेड आणि सावली त्याला कळायची, हाताच्या अंतरावर माणूस उभा आहे एवढं कळायचं. बाकी सगळं गढूळ. बायको डोळ्यांत तेल घालून वर बघायची आणि हातातल्या काठीने बुंध्यावर वाजवायची. एक ठोका म्हणजे घड उजवीकडे, दोन म्हणजे डावीकडे. तो दांडा वर चढवून चाचपत कोयता देठाला लावायचा आणि थांबायचा. मग तीन ठोके. तीन म्हणजे मी बाजूला झाले, ओढा. वीस-पंचवीस किलोचा काटेरी घड वरून येतो, तो खाली कोण आहे ते विचारत नाही.

डोळे गेले ते दीड वर्षापूर्वी. वर बघून बघून घडातला कचरा डोळ्यांत पडणं रोजचंच. त्या दिवशी जरा जास्त पडला, म्हणून त्याने शेजारच्या ओढ्यात खसाखसा डोळे धुतले. त्याच ओढ्यात वरच्या अंगाला फवारणीच्या बायका आपले पाठीवरचे पंप विसळायच्या. तिथेच विसळा असा हुकूमच होता. त्या सकाळी पंप विसळायची पाळी त्याच्या बायकोची होती. आठवड्याभरात त्याच्या डोळ्यांवर साय धरली. तिने त्याला एकदाच विचारलं, त्या दिवशी तोंड कुठे धुतलंत? टाकीवर, असं त्याने सांगितलं. तिला ते खोटं आहे हे कळलं, आणि कळलंय हे त्यालाही कळलं. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

तिचं स्वतःचंही काही बरं नव्हतं. फवारणीच्या तणनाशकाने तिची नखं गळाली, नाकातून रक्त यायचं, दोनदा पोट राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं. दुसऱ्या खेपेला दवाखान्यात नोंद झाली, तेव्हा कंपनीने काळजीपोटी तिला कामावरूनच काढलं. कंपनीची काळजी ही अशी असते. म्हणून ती दिवसभर नवऱ्याबरोबर ओळीत यायला मोकळी होती, हजेरीपटावर तिचं नावसुद्धा नव्हतं. मुकादमाला हे सगळं माहीत होतं. एकाच्या हजेरीत दोन माणसं राबत असतील तर कोणता मुकादम तक्रार करील?

हे सगळं चाललं होतं ते मुलीसाठी. कंपनीची खोली कामावर असलेल्याला मिळायची, आणि शाळा खोलीतल्या पोरांना. काम सुटलं की सात दिवसांत खोली रिकामी. पोरीचं शेवटचं वर्ष होतं. ते पार पडलं की शहरातल्या नर्सिंगच्या शाळेत तिला घेणार होते, तसं तिच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं. मळ्याबाहेर जावं म्हटलं तर बाहेर असं काही उरलंच नव्हतं. ठोक्याचा बाप ज्या गावात मेला ते गाव आता मळ्याचा नऊ नंबरचा गट झालं होतं. तिथलं जंगल पेटवलं तेव्हा दोन महिने धूर हलला नव्हता, त्याची आई त्या धुरात खोकून खोकून गेली. आता दिवसभर चालावं तरी तेच झाड, तीच उंची, तेच अंतर. पाखरू नाही. उंदीर मात्र मायंदाळ, आणि उंदरांमागे साप.

मग बातमी आली की तेल घेणाऱ्या बड्या लोकांचे तपासनीस येणार आहेत, त्याआधी सगळ्या तोडणाऱ्यांचे डोळे तपासायचे. ठोक्याने धीर सोडला. बायकोने नाही सोडला. पोट दुखतंय म्हणून ती तीनदा दवाखान्यात गेली आणि भिंतीवरचा तक्ता पाठ करून आली. त्यावर सगळीकडे तीन दातांची एकच खूण होती. दात कुठे वळलेत तेवढं सांगायचं. रोज संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती त्याच्याकडून म्हणून घ्यायची. वर, डावीकडे, खाली, खाली, उजवीकडे. चुकला की पोरगी हसत दुरुस्त करायची. ‘बाबा, तुम्ही माझ्या वर्गात असता तर रोज बाकावर उभे राहिला असता,’ असं म्हणायची. त्या दिवसांत त्या खोलीत बरंच हसणं झालं, हे खरं आहे.

तो पास झाला. कंपाउंडरला घाई होती, त्याने तक्त्यावर पट्टी वरून खाली सरळ फिरवली आणि ठोक्याने घडाघडा म्हणून टाकलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. प्लास्टिकमध्ये घालून दाखला मिळाला: दोन्ही डोळे उत्तम. बायकोने तो भिंतीवर लावला आणि त्याला हात लावून दाखवला.

दाखला झाला आणि कौतुक सुरू झालं. हजेरीच्या वेळी मुकादमाने ठोक्याला पुढे उभं केलं, कच्चा घड पाडायचा नसेल तर याच्यासारखं बुंध्यावर वाजवून बघा, असं सगळ्यांना सांगितलं. मुकादमाला खरं ठाऊक होतं, पण मळ्याचे साहेब शेजारी उभे होते आणि काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून मळाभर ठकठक. शेजारच्या ओळीतल्या लंबूने तर शास्त्रच काढलं: पिकल्या झाडाचा आवाज बद्द, कच्च्याचा टणक. तीन ठोके मारून तो कान लावायचा आणि मान डोलवायचा.

बायको घाबरली. तिने तीनचे चार ठोके केले. आठ दिवसांत लंबूचेही चार झाले. जुनं बरं म्हणून ती परत तीनवर आली, तर तोही आला. हाक मारून सांगावं तर त्याला दिसत नाही हे, मुकादमाला माहीत असलं तरी, बाकीच्यांना कळलं असतं. शेवटी ठोक्याच म्हणाला की उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. बाकी सगळे कोयत्याच्या दांड्याचा लोखंडी नळा वाजवतात, तुझी एकटीची लाकडी काठी. माझे डोळे गेलेत, कान नाही गेले.

ते खरं होतं, आणि महिनाभर खरं राहिलं. मग एका सकाळी मुकादमाने हुकूम काढला: कंपनीच्या नळ्यांना पोचे पडतायत, ठोकायचं तर लाकडाने ठोका. ठोक्याची बायको हजेरीला नसायची, ती मागून परस्पर ओळीत यायची. ठोक्याने हुकूम ऐकला, पण तेव्हा त्याच्या मनात पोरीच्या परीक्षेचा अर्ज होता. ऐकलं आणि सोडून दिलं.

दहाच्या सुमाराला दोन ठोके आले. डावीकडे. त्याने कोयता लावला. ती बुंध्यापाशी वाकून गळलेली फळं शोधत होती. घड नक्की पिकलाय ना याची तिला खात्री करायची होती, नवऱ्याच्या कोऱ्या दांड्यावर डाग नको. तीन ठोके ऐकू आले. लाकडाचे, स्वच्छ. त्याने ओढलं.

घड मातीवर पडल्याचा आवाज त्याला वर्षानुवर्षं ओळखीचा होता. हा तो नव्हता. त्याने हाक मारली. शेजारच्या ओळीतून लंबू ओरडत आला, आणि त्याच्या हातात काठी होती.

तिला ठोक्याने हातांनीच पाहिलं. चेहरा चाचपायला गेला तर चेहऱ्याच्या जागी चेहरा नव्हता.

दुपारी साहेबांच्या खोलीत त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेब हळू आवाजात बोलत होते. तपासनीस पुढच्या आठवड्यात येणार होते. बाई हजेरीपटावर नाही, मग ती गटात काय करत होती, हे लिहावं लागेल म्हणाले. आणि तोडणाऱ्याला खालचं माणूस दिसलं कसं नाही, हेही. मुकादमाने ठोक्याला व्हरांड्यात नेलं.

‘हे बघ, दिसत नाही म्हणालास तर दाखला खोटा. खोटा दाखला म्हणजे काम गेलं, खोली गेली. पोरगी कुठे नेशील?’

‘मग काय सांगू?’

‘सांगूनसवरूनही ती आत शिरली. तू तिला पाहिलंस, बाजूला हो म्हणालास, तिने ऐकलं नाही. संपलं.’

ठोक्या आत गेला. साहेबांनी कागदावर पेन टेकवलं आणि विचारलं, बायको खाली उभी आहे हे तुला दिसत होतं का?

त्याला फार रडायला आलं. त्याने ते गिळलं.

‘दिसत होती साहेब.’

‘नीट?’

‘नीट दिसत होती.’

कागद त्याच्या हातात दिला, वाचून सही कर म्हणाले. वाचायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ त्याने तो डोळ्यांसमोर धरला. सहीची जागा मुकादमाने बोटाने दाखवली.

खोली राहिली. दहा दिवसांनी त्याला कामावर बोलावणं आलं. दांड्यावर अजून एकही लाल खूण नव्हती, पण एकटा गेला असता तर पहिल्याच दिवशी तीन कच्चे घड पाडले असते हे त्याला ठाऊक होतं. पोरीलाही ठाऊक होतं. सकाळी तिने शाळेचा गणवेश घडी करून ट्रंकेत ठेवला आणि आईची काठी घेतली. बाप म्हणाला, शाळेचं काय? ती म्हणाली, खोली आहे तर शाळा आहे ना बाबा, थोडे दिवस.

पहिल्या झाडाखाली एक ठोका आला. त्याने दांडा चढवला, चाचपत कोयता देठाला लावला आणि थांबला. तीन ठोके आले. लगेच पलीकडून, लंबूच्या ओळीतून, तीन आले. मग आणखी कुठूनतरी तीन. आधीचे कुणाचे, नंतरचे कुणाचे, त्याला सांगता येईना. त्याने पोरीला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात वाटेवरून तपासनीस पाहुणे चालत आल्याचा आवाज आला, आणि त्यांच्यापुढे मुकादमाचा.

‘काय रे ठोक्या, थांबलास का? दिसत नाही का?’

‘दिसतंय,’ तो म्हणाला, आणि त्याने ओढलं.